तालुक्याच्या गावात वन्यजीवांचं काम: झाडं लावण्याआधी माळ राखा

बालाघाटाच्या अंगाला तुमचं तालुक्याचं गाव. पंधरा-वीस पोरंपोरी एकत्र आलीत. गावाबाहेर गायरान आहे, त्याच्या खाली पाझर तलाव आहे, हरणं, मोर, लांडगे अजून नजरेला पडतात. येत्या पावसाळ्यात गायरानावर हजार झाडं लावायची, दोघा-तिघांनी साप पकडायला शिकायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात पाणवठे बांधायचे, असा तुमचा बेत. सुरुवात कुठून करावी आणि संस्था नोंदवावी का, असं तुम्ही विचारलंय.

हजार झाडांचा बेत सगळ्यात आधी थांबवा. ऐकायला कडू वाटेल, पण आपल्याकडे माळावरच्या जिवांचं बरंच नुकसान याच चांगल्या इच्छेपोटी झालेलं आहे. बीड जिल्ह्याच्या या भागात वर्षाला सरासरी ६००-७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही सलग नाही. वर हातभर मुरमाड माती, खाली काळा पाषाण. अशा जमिनीवर निसर्गाने हजारो वर्षांत जे उभं केलं ते गवत. कुसळी, पवन्या, मारवेल, आणि मधूनमधून बोर, हिवर, बाभूळ, एखादा लिंब. आपल्याकडचे प्राणी या उघड्या रानाचे आहेत. काळविटाला धोका लांबून दिसला पाहिजे आणि पळायला मोकळं रान पाहिजे, एवढ्यावर त्याचा जीव टिकून आहे. खोकड, लांडगा, तरस, ससा, तित्तर, चंडोल, धाविक, सगळे याच माळाचे. तिथे ग्लिरिसिडिया नाहीतर सुबाभळीच्या ओळी उभ्या केल्या की हरणं ती जागा सोडतात आणि शेतात शिरतात. मग तेच शेतकरी तुमच्याकडे येऊन म्हणतात, हरणांचं काहीतरी करा.

राज्यात २०१९ साली ३३ कोटी झाडं लावायची मोहीम झाली. त्या काळात कितीतरी गायरानांवर यंत्राने खड्डे पडले, चर खणले गेले. गवताचं मूळ एकदा उखडलं आणि मुरूम वर आला की त्या पट्ट्यात पहिल्यांदा येतं ते गाजरगवत, नाहीतर वेडी बाभूळ. मारवेल परत यायला फार काळ लागतो. रोपं बहुतेक ठिकाणी दुसरा उन्हाळा बघत नाहीत, कारण टँकरने पाणी घालायला माणसालाच पाणी नसतं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपण विसरता कामा नये.

झाडं लावायचीच असतील तर ओढ्याकाठी लावा. तिथे करंज, उंबर, जांभूळ चांगली येतात. शेताच्या बांधावर बोर आणि बाभूळ राहू द्या, तोडू नका, एवढं शेतकऱ्यांना पटवलं तरी पुष्कळ. माघात बोरं पिकली की खोकड आणि कोल्हे त्याखाली रोज येतात. सकाळी त्यांच्या विष्ठेत बोराच्या आठळ्या दिसतात आणि तिथूनच पुढे नवी बोर उगवते. हे काम ते फुकट करतात.

आता माळ राखायचा म्हणजे काय करायचं? पहिलं, गायरानाचा सातबारा आणि नकाशा तलाठ्याकडून काढून घ्या. गायरान सरकारी मालकीचं असतं आणि बहुतेक वेळा देखभाल ग्रामपंचायतीकडे असते. तुमच्याकडे आता नगरपंचायत आहे, तेव्हा तुमचं गायरान तिच्या हद्दीत येतं की शेजारच्या ग्रामपंचायतीच्या, हे आधी तपासा. कागदावर हद्द किती आणि जागेवर किती उरली, हे प्रत्यक्ष चालून बघा. चालताना मोबाईलमध्ये हद्दीच्या खुणा नोंदवा. अतिक्रमण सापडलं तर लगेच भांडायला जाऊ नका. नुसती नोंद ठेवा. कोणाचा गोठा, कोणाची पाच पेंढ्यांची गंजी आणि कोणाची दोन एकर पेरणी यात फरक आहे, आणि ज्याच्याकडे दुसरी जमीनच नाही त्याच्यापासून सुरुवात करणं मला तरी कधी बरोबर वाटलेलं नाही.

दुसरं, चराईबंदी. सगळ्या गायरानावर करू नका, कोणी ऐकणारही नाही. एक चतुर्थांश तुकडा निवडा. मृगापासून दिवाळीपर्यंत त्यात जनावर सोडायचं नाही, आणि दिवाळीनंतर गवत विळ्याने कापून न्यायला सगळ्यांना मोकळीक. कापताना बी गळून पडतं, मूळ जागेवर राहतं, आणि ज्याच्या घरी म्हैस आहे त्याला कडब्याशिवाय चार महिन्यांचा चारा मिळतो. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा. हे पटवायचं कोणाला? सरपंचाला आणि नगरसेवकाला नंतर. आधी त्या धनगरांना आणि लमाण तांड्यावरच्या माणसांना, ज्यांची शेरडं-मेंढरं रोज तिथे चरतात. त्यांना न विचारता बंदी केली तर ती आठवडाभर टिकत नाही. त्यांच्याबरोबर बसून तुकडा ठरवला, पाण्याकडे जायची वाट मोकळी ठेवली, तर राखण तेच करतात. बचत गटाच्या बायका गवत कापायला आणि शेण्या वेचायला माळावर जातात, त्यांनाही बैठकीला बोलवा. कोणत्या बेचकीत ससा व्यालाय आणि कुठे मोराची अंडी आहेत, हे त्यांच्याइतकं गावात कोणाला ठाऊक नसतं.

तिसरं, वणवा. फाल्गुन-चैत्रात कोणीतरी बिडी टाकतं किंवा नवं गवत लवकर यावं म्हणून मुद्दाम काडी लावतं. गवत कापून झालं की राखलेल्या तुकड्याभोवती आणि रस्त्याच्या कडेने दहा-बारा फुटांचा पट्टा साफ ठेवा. तो पट्टा तासून काढायला पंधरा जणांना दोन रविवार पुरतात. वर्षभरातलं सगळ्यात उपयोगी श्रमदान हेच. वेडी बाभूळ आणि घाणेरी काढायची तीही याच हंगामात, आणि घाणेरी मुळासकट काढायची, नुसती छाटली तर दुप्पट फुटते.

पावसाळ्याच्या आधीचे तीन-चार महिने माळावर पाय जपून टाका. धाविक नावाचा पक्षी आहे, पारव्यापेक्षा जरा लहान, तांबूस छातीचा, डोळ्यावरून पांढरी-काळी रेघ गेलेली. तो घरटं बांधतच नाही. मुरमात बोटभर खोलगट करतो आणि त्यात दोन-तीन अंडी घालतो. अंड्याचा रंग मुरमाचाच, त्यावर काळपट ठिपके आणि फराटे. उभ्या माणसाला पायाखालचं अंडं दिसत नाही. मादी तुम्हाला बघून आधीच उठून धावत लांब गेलेली असते आणि दहा पावलांवर थांबून मान ताठ करून बघत राहते. ती अशी परत परत थांबून बघायला लागली की जिथे आहात तिथेच उभं राहायचं, पायाखाली बघायचं आणि आलेल्या वाटेने मागे फिरायचं. वैशाखातल्या उन्हात ती अंडी पाऊण तास उघडी राहिली तर आतलं पिल्लू शिजतं. म्हणून या महिन्यांत कॅमेरा घेऊन दहा जणांची टोळी माळावर न्यायची नाही. टिटवीचं, चंडोलाचं, तित्तराचं तेच.

लांडग्याबद्दल वेगळं लिहायला हवं. २०२२ च्या गणनेत देशात वाघ ३,६८२ निघाले. भारतीय लांडग्यांचा अंदाज तीन हजारांच्या आसपास आहे, म्हणजे वाघापेक्षाही कमी, आणि त्यांतले बरेचसे कुठल्याही अभयारण्यात राहत नाहीत. ते तुमच्या गायरानात, ओढ्याच्या दरडीत, ऊसतोडीला गेलेल्या माणसांच्या पडीक रानात राहतात. पिल्लं साधारण डिसेंबर ते फेब्रुवारीत होतात. त्या काळात कोणाला लांडग्याचं बीळ सापडलं तर ती जागा फक्त वनरक्षकाला सांगायची. व्हॉट्सॲपवर टाकायची नाही, फोटोला गावाचं नाव लावायचं नाही, मित्राला दाखवायला न्यायचं नाही. बीळ उघडं पडलं की मादी पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे नेते आणि त्या धावपळीत एखादं मागे राहतं. काही ठिकाणी बिळाच्या तोंडाशी धूर करून पिल्लं मारतात. कोणाची शेळी गेली असेल तर त्याचा राग खरा आहे. त्याला समजावत बसण्यापेक्षा त्याच दिवशी वनविभागाला कळवून पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज स्वतः भरून द्या. तो अर्ज भरायला मदत करणारा माणूस गावात असला की विष घालायला हात सहसा पुढे येत नाही. तुमच्या गटातल्या एकाने फक्त हेच काम घ्यावं.

आता कचरा डेपोकडे या. गावात कोंबडी-मटणाची जी दुकानं आहेत त्यांची पिसं, आतडी, मुंडकी रात्री कुठे टाकतात, ते बघा. बहुतेक ठिकाणी गायरानाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच. त्यावर कुत्र्यांचा कळप पोसला जातो, आणि हीच कुत्री पहाटे हरणाची पाडसं मारतात. पाडस जन्मल्यावर काही दिवस गवतात निपचित पडून राहतं, पळत नाही, त्यामुळे कुत्र्याला ते आयतं सापडतं. शिवाय कुत्र्यांकडून पिसाळ आणि डिस्टेंपर हे रोग खोकडांत आणि लांडग्यांत जातात. माझ्या मते तालुक्याच्या गावात वन्यजीवांसाठी करण्यासारखं सगळ्यात मोठं काम या डेपोवर आहे. दुकानदारांची एक बैठक घ्या, नगरपंचायतीला सांगून त्या कचऱ्यासाठी खोल खड्डा आणि रोज वर टाकायला माती-चुना मिळवा, आणि कुत्र्यांची नसबंदी व रेबीजची लस यासाठी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या मागे लागा. कुत्र्यांना मारणं किंवा पकडून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडणं कायद्याने चालत नाही आणि त्याने काही साधतही नाही. यात फोटो काढण्यासारखं काही नाही, म्हणून कोणी करत नाही.

पाणवठ्यांचा तुमचा विचार चांगला आहे, पण नवा बांधण्याआधी जुन्या पाण्यात जीव मरतात ते थांबवा. आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी शेकड्यांनी आहेत. त्यात भर पडली ती शेततळ्यांची. २०१६ पासून मागेल त्याला शेततळं ही योजना आली, आणि बऱ्याच शेतकऱ्यांनी तळ्याला प्लास्टिकचं अस्तर केलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे, पाणी मुरत नाही. पण उन्हाळ्यात तहानलेलं हरीण, खोकड, घोरपड किंवा मोर त्या गुळगुळीत उतारावर एकदा घसरला की वर येऊ शकत नाही. पोहून पोहून थकतो आणि बुडतो. उपाय अगदी स्वस्त आहे. चारही कोपऱ्यांत जाड काथ्याची गाठी मारलेली दोरी किंवा दोरीला बांधलेले जुने टायर अस्तरावरून पाण्याच्या खालपर्यंत सोडायचे आणि वर खुंटीला पक्के बांधायचे. अस्तर फाटत नाही, जनावराला पाय रोवायला जागा मिळते. अशी दोरी असली तर आखाड्यावरचा सालगडी किंवा त्याचं लेकरू पडलं तरी वाचतं, हे सांगितलं की शेतकरी लगेच तयार होतात. एका हंगामात तुमच्या शिवारातली सगळी अस्तराची शेततळी होऊन जातील.

विहिरीत पडलेलं जनावर काढायचा प्रसंग तर येणारच. कोल्हा किंवा खोकड असेल तर घरातली सुताची बाज घ्या, नवारीची नको, पाणी निथळायला हवं. चार पायांना चार दोर, वर एकत्र गाठ, त्याला लांब सोल. जनावर ज्या बाजूला कपारीला चिकटलंय त्याच्या समोरच्या बाजूने बाज हळू सोडायची, थेट त्याच्या अंगावर नाही. निम्मी पाण्यात बुडेल एवढी खाली गेली की थांबायचं. आता सगळ्यांनी काठावरून मागे सरायचं. दोर धरणारे दोघे-तिघे सोडले तर एकही डोकं वरून वाकलेलं दिसता कामा नये. दहा मिनिटं लागतील, अर्धा तास लागेल. कोल्हा पोहत येतो, आधी पुढचे पाय बाजेच्या काठाला लावतो, परत सोडतो, मग एकदम वर चढून अंग आकसून बसतो. तेव्हा ओढायचं, झटके न देता, एका लयीत. काठाच्या बरोबरीला बाज आली की ती माळाकडच्या बाजूला कलवायची. तो उडी मारून जाईल. त्याच्या वाटेत माणूस नको आणि मोबाईल धरलेला तर अजिबात नको. गर्दी हटत नसेल तर घाई करू नका. बाभळीचं फांद्यांसकट लांब खोड विहिरीत तिरकं सोडून सगळे निघून गेलात तरी रात्रीत तो स्वतः वर येतो.

रोही (नीलगाय), तरस किंवा बिबट्या असेल तर हे करायचं नाही. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन लावायचा, आणि ते येईपर्यंत तुमचं काम गर्दी लांब ठेवणं. २०२० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आष्टी तालुक्यात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यानंतर आपल्या भागात बिबट्या दिसला म्हटलं की शे-दोनशे लोक काठ्या घेऊन जमतात. अडकलेलं जनावर आणि चिडलेली गर्दी, दोन्हीकडे जीव जातो. पंधरा जणांचा गट पोलिसांबरोबर दोरी धरून उभा राहिला तर तो टळतो.

नवे पाणवठे करायचे तर ते ताटलीसारखे उथळ करा, मध्ये फूटभर खोल आणि सगळीकडून उतरता काठ. रस्त्यापासून आणि पिकापासून लांब. एकदा चैत्रात पाणी भरायला लागलात की पाऊस पडेपर्यंत खंड पडू देऊ नका, कारण जनावरं त्याच पाण्याच्या भरवशावर तिथे राहतात. दर खेपेला भरण्याआधी काठावर मेलेला पक्षी किंवा पांढरी पूड आहे का ते बघा. पाणवठ्यात विष कालवून शिकार करणारे अजूनही आहेत. पाझर तलावातला गाळ काढायची वेळ आली तर एक काठ उताराचा आणि चिखलाचा ठेवायला सांगा. हिवाळ्यात येणारे पाणपक्षी त्या चिखलात चरतात, खडी दरड झाली की ते उतरत नाहीत. जायकवाडीच्या नाथसागरावर एवढे पक्षी जमतात त्याचं कारण हीच उथळ, पसरट किनार आहे.

सापांचं. दोघा-तिघांनी शिकायचं ठरवलंय, तर आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना भेटा, गटाचं पत्र द्या, आणि त्यांच्या परवानगीनेच काम करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात झालेला बदल १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि नाग, घोणस इतकंच काय, धामणसुद्धा आता पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या यादीत आहे. पहिल्या अनुसूचीतल्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड आहे. पकडलेला साप घरी बरणीत ठेवणं, शाळेत नेऊन दाखवणं, गळ्यात घालून व्हिडिओ काढणं, हे सगळं त्यात येतं. साप त्याच दिवशी, पकडल्या जागेच्या जवळच्याच रानात सोडायचा. लांबच्या जंगलात नेऊन सोडलेल्या सापाला बिळं, पाणी, भक्ष्य काही माहीत नसतं आणि तो बहुधा मरतो. मुळात दहापैकी निम्म्या ठिकाणी साप पकडायची गरजच नसते. तो घराबाहेरच्या लाकडात असेल तर माणसांनी बाजूला व्हायचं आणि त्याला जाऊ द्यायचं. अंगणातली अडगळ, सांडलेलं धान्य आणि त्यामागे येणारे उंदीर कमी करायचे.

आणि हे गटातल्या प्रत्येकाला तोंडपाठ हवं: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच लस चालते, ती सरकारी रुग्णालयात मिळते, त्यामुळे कोणता साप होता हे शोधण्यात वेळ घालवायचा नाही. करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात-पाय हलू न देता माणसाला गाडीत घालायचं. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश बहुतेक वेळा दुखतही नाही, सूजही येत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यात असं कोणी म्हणालं तरी थेट रुग्णालय गाठायचं. मंदिरात नंतर जाता येईल.

पेरणीच्या दिवसांत मोरांकडे लक्ष ठेवा. पाटोद्याजवळ नायगावला १९९४ पासून खास मोरांसाठी अभयारण्य आहे, पण मोर काही हद्द पाळत नाहीत. कीटकनाशक चोळलेलं बियाणं शेताच्या कोपऱ्यावर सांडतं आणि मोर, लांडोर, पारवे, तित्तर ते टिपतात. पाभर वळवताना सांडलेलं बी मातीआड करा, रिकामी पिशवी बांधावर टाकू नका, एवढं मृगाच्या आधी प्रत्येक कृषी सेवा केंद्रात जाऊन सांगा. दुकानदार बियाणं देताना दोन वाक्यं बोलला तर ती शेतकरी ऐकतो. रानडुकरासाठी कुंपणाला वीज सोडणं हा गुन्हा तर आहेच, त्यात माणसंही मेली आहेत. असं कोणी करत असेल तर महावितरणला कळवा, नाव गुप्त ठेवून.

पिल्लांचे फोन सतत येतील. पिंगळ्याचं, घारीचं पिल्लू झाडाखाली पडलं असेल आणि जखम नसेल तर परत घरट्यात ठेवायचं. हात लागला म्हणून आई टाकून देते, हे खरं नाही. घरटंच पडलं असेल तर टोपलीत गवत घालून त्याच फांदीला बांधायची. चोचीत पाणी ओतायचं नाही, दूध-भाकरी तर नाहीच. मे महिन्यात उन्हाने पडलेला पक्षी खोक्यात, अंधारात, सावलीला ठेवला आणि शेजारी उथळ वाटीत पाणी ठेवलं तर संध्याकाळपर्यंत बहुधा उडून जातो. जुन्या गढीतल्या किंवा बारवेतल्या गव्हाणी घुबडांना अशुभ म्हणून कोणी हुसकावत असेल तर त्याला ती रोज रात्री किती उंदीर नेतात ते दाखवा, त्यांनी ओकून खाली टाकलेल्या गोळ्यांमध्ये उंदरांच्या कवट्या अख्ख्या सापडतात. जखमी प्राण्यावर मोठा उपचार लागला तर तो वनविभागाच्या माध्यमातून उपचार केंद्रात पोचवा. शिरूर कासार तालुक्यात तागडगावला सर्पराज्ञी हे केंद्र आहे, आपल्या भागाला ते जवळ पडतं.

नोंदी ठेवा, पहिल्या दिवसापासून. साधी दोनशे पानी वही पुरते: तारीख, जागा, काय दिसलं, किती, कोणी पाहिलं. ५ ते १२ नोव्हेंबरला राज्यात पक्षी सप्ताह असतो, तेव्हा तलावावर मोजणी करा आणि दर वर्षी त्याच जागी, त्याच वेळी करा. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक नगरपंचायतीत आणि ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायला हवी. तुमच्याकडे ती समिती बहुधा कागदावर असेल. मुख्याधिकाऱ्यांना भेटून तिची नोंदवही मागा आणि तुमच्या वहीतल्या नोंदी तिच्यात चढवून घ्या. उद्या त्या गायरानावर सौर प्रकल्प किंवा डेपो आला तर तिथे हरणं आहेत हे सांगायला तुमच्या हातात सहीशिक्क्याचा कागद असेल. नाहीतर ती जमीन सरकारदरबारी नुसती पडीक आहे.

नोंदीचा आणखी एक उपयोग अफवा मोडायला होतो. डिसेंबर २०२१ मध्ये माजलगाव तालुक्यातल्या लवूळची वानरं जगभर गाजली. वानरांनी सूड म्हणून अडीचशे कुत्री मारली, अशी बातमी परदेशापर्यंत गेली. वनविभागाने दोन वानरं पकडून नेली आणि प्रकार थांबला. वानरं पिल्लं उचलून उंचावर नेत होती हे खरं, पण अडीचशेचा आकडा कोणी मोजून दिलेला नव्हता. तुमच्या गावात उद्या असं काही उठलं तर तारखेसह बोलणारी एक वही गावात हवी.

संस्थेचं शेवटी. पहिलं वर्ष नोंदवू नका. नोंदणीला किमान सात जण लागतात, मग धर्मादाय कार्यालय, लेखापरीक्षण, दर वर्षीचा अहवाल, आणि अध्यक्ष कोण यावरून गट फुटायला वेळ लागत नाही. तूर्त वनविभागाकडे गटाचं पत्र आणि ओळखपत्रं पुरेशी आहेत. एक हंगाम चराईबंदी टिकली, शेततळ्यांना दोऱ्या लागल्या, नोंदवहीत शंभर पानं भरली, की मग नोंदवा. तोवर जो खर्च आहे, दोर, टॉर्च, हातमोजे, सापाची काठी आणि पिशवी, तो वर्गणीतून निघतो.

मृगाला फार दिवस नाहीत, म्हणून या आठवड्यात सातबारा काढा आणि धनगरांची बैठक लावा. बंद करायचा तुकडा ठरला की त्याचे चारही बाजूंचे फोटो आणि गवताच्या दोन-तीन काड्यांचे जवळून घेतलेले फोटो मला पाठवा. मारवेल किती आणि कुसळी किती, ते बघून कापणी दिवाळीला करायची की पंधरा दिवस आधी, ते सांगतो. कुसळी जास्त असली तर कुसळं धरायच्या आत कापावं लागतं, नाहीतर तो चारा जनावराच्या तोंडात रुततो आणि पुढच्या वर्षी गायरान राखायला कोणी तयार होत नाही.